एकेरी क्लचच्या जुन्या मॅसीला लाइव्ह लिफ्ट: पंप कुठं जोडायचा, कुठं नाही

प्रश्न औसा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा आहे. आजोबांनी घेतलेला मॅसी १०३५, एकेरी क्लचचा, अजून घरी चालू आहे. क्लच दाबला की लिफ्ट, म्हणजे मागचं अवजार उचलणारी हायड्रोलिक, जागच्या जागी थांबते. धुऱ्यापाशी वळताना नांगर अर्धवट लोंबतो. त्यात आता टिपिंग ट्रॉली घेतली आहे. त्यांचं म्हणणं असं, की इंजिनावर वेगळा गिअर पंप बसवावा, त्याची लाइन सरळ लिफ्टच्या कव्हरला जोडावी, म्हणजे शेजाऱ्याच्या नव्या ट्रॅक्टरसारखी लाइव्ह लिफ्ट होईल, क्लच दाबला तरी चालणारी. होईल का?

पंप बसवता येईल. कव्हरला मात्र जोडू नका. का, ते सांगतो, पण आधी पाना हातात न घेता एक तपासणी करा.

नांगर जोडा, उचलायला लागा आणि तो अर्ध्यात आला की क्लच दाबून धरा. नांगर वर यायचा थांबला पण आहे तिथंच टांगून राहिला, तर तुमची लिफ्ट निरोगी आहे. थांबणं हा तिचा स्वभाव आहे, बिघाड नाही. पण क्लच दाबल्यावर नांगर हळूहळू खाली बसू लागला, तर तेल आतून कुठंतरी निसटतंय: पिस्टनच्या रिंगा, सिलिंडर, कंट्रोल व्हॉल्व्ह किंवा एखादा ओ-रिंग. आता इंजिन बंद करून घड्याळ लावून बघा. पाच मिनिटांत नांगर जमिनीला टेकला तर लाइव्ह पंपाचा विषय बाजूला ठेवा आणि आधी टॉप कव्हर उघडा. माझ्याकडे लाइव्ह करून द्या म्हणत येणाऱ्या बऱ्याच गाड्यांचं खरं दुखणं हेच असतं. कधी गाळणी चिखलानं बुजलेली, कधी पाणी शिरून तेल दुधासारखं झालेलं. त्यावर नवा पंप बसवणं म्हणजे फुटक्या घागरीला दुसरा नळ लावणं.

तपासणीत ट्रॅक्टर पास झाला असं धरून पुढं जातो.

तुमच्या मॅसीचा हायड्रोलिक पंप मागच्या हाउसिंगमध्ये, तेलातच बुडालेला असतो आणि तो पीटीओच्या, म्हणजे रोटाव्हेटरसारखी अवजारं फिरवणाऱ्या, शाफ्टवर फिरतो. पीटीओचा लिव्हर लावला नाही तर लिफ्ट चालत नाही, ते त्यामुळंच. आणि एकेरी क्लचमध्ये चाकं आणि पीटीओ दोघांनाही ताकद एकाच प्लेटमधून जाते. क्लच दाबला की पीटीओ थांबला, पीटीओ थांबला की पंप थांबला. इंजिन मात्र चालूच. लाइव्ह हायड्रोलिक म्हणजे एवढंच, की चाकांची ताकद तोडली तरी पंप फिरत राहिला पाहिजे.

ही रचना हॅरी फर्ग्युसनची, मॅसी फर्ग्युसन या नावातला तोच फर्ग्युसन. नांगराला जमीन किती ओढून धरते यावर लिफ्टनं आपोआप खोली कमी-जास्त करायची, ही त्याची कल्पना. तिचं पेटंट १९२६ चं. १९४६ पासून कॉव्हेंट्रीत बनलेला छोटा करडा टीई-२० याच धर्तीवर होता, एकेरी क्लच आणि पीटीओवर पंप. फोर्डनं १९५३ च्या एनएए मॉडेलला इंजिनावर चालणारा पंप दिला. फर्ग्युसनच्या घराण्यानं मात्र पंप मागंच ठेवला आणि १९५६ च्या ३५ मॉडेलच्या डीलक्स गाडीत दुहेरी क्लच घातला: पायडल अर्धं दाबलं की चाकं थांबतात, पीटीओ आणि पंप चालू राहतो, पूर्ण दाबलं की सगळंच थांबतं. आपल्याकडं १९६० साली मद्रासला मॅसी बनवणारी टॅफे कंपनी उभी राहिली आणि तोच ३५ चा वंश १०३५ म्हणून आपल्या वावरात आला. म्हणजे तुमच्या अडचणीचं कंपनीचं स्वतःचं उत्तर दुहेरी क्लच हेच होतं. त्याकडं नंतर येतो.

आता तुमची गरज बघू. तुम्ही दोन कामं सांगितलीत, आणि त्यातल्या एकाला लाइव्ह लागतच नाही.

धुऱ्यापाशी नांगर उचलण्याचं म्हणाल, तर ती थोडी सवयीची गोष्ट आहे. तास संपायच्या आधी दोन-तीन हात अंतरावर लिव्हर वर घ्या, नांगर निघू द्या, मग क्लच. नव्या गाडीवर शिकलेली पोरं उलटं करतात. आधी क्लच दाबतात, ब्रेक मारतात, मग लिव्हरकडं हात जातो. जुन्या मॅसीवर तसं केलं तर नांगर अर्धाच राहणार. आमचे म्हातारे ड्रायव्हर याच एकेरी क्लचवर चाळीस-चाळीस एकराची नांगरट करायचे आणि धुऱ्याला तास वाकडं गेलेलं कुणाला दिसायचं नाही. तुमच्या पोराला दोन दिवस त्यांच्यातल्या कुणाशेजारी बसवा. खर्च चहाचा.

ट्रॉलीचं म्हणाल, तर ट्रॉली उलटताना ट्रॅक्टर उभा असतो, गिअर न्यूट्रलमध्ये असतो आणि क्लच सोडलेला असतो. म्हणजे पंप फिरतच असतो! लाइव्ह नसल्यानं ट्रॉली उलटत नाही, हा गैरसमज आहे. चालता चालता मुरूम पसरायचा असेल, किंवा पुढं डोझरची पाटी लावायची असेल, तर लाइव्ह हवा. पाटीला तर हवाच, कारण तिथं दर मिनिटाला क्लच आणि लिफ्ट एकदम लागतात.

मॅसीच्या टॉप कव्हरवरून बाहेर तेल काढायची सोय मुळातच आहे. आतल्या लिव्हरला ट्रान्सपोर्टच्या खुणेच्या पुढं ढकललं की पंप सतत तेल देत राहतो, ती जागा याचसाठी आहे. लिफ्टचे हात आधी वर जातात, टेकतात आणि मग तेल ट्रॉलीच्या जॅककडं वळतं. फक्त लिव्हर तिथं विसरू नका. सेफ्टी व्हॉल्व्ह किंचाळत राहतो आणि तेल तापतं.

मग मी आतलंच तेल वापरा म्हणून का सांगत नाही? दोन कारणं. एक, मोठा टेलिस्कोपिक (नळीत नळी असलेला) जॅक उघडताना आठ-दहा लिटर तेल सहज गिळतो. तेवढं तेल गिअरबॉक्समधून गेलं की पातळी खाली येते, पंप हवा ओढतो आणि ट्रॉली धक्के खात वर जाते. दुसरं कारण मला जास्त खटकतं. ट्रॉलीचा होज दिवसभर मातीत लोळतो. तलावातला गाळ वाहणाऱ्या गाड्या मी बघितल्यात, गाळमुक्त धरणाच्या योजनेपासून उन्हाळ्यात ते काम आपल्याकडं वाढलंय. त्या निप्पलवर बसलेला बारीक गाळ तेलाबरोबर जातो तो थेट तुमच्या गिअरांत, बेअरिंगांत आणि त्या नाजूक कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये. पन्नास वर्षं टिकलेली गाडी एका हंगामात घासली जाते.

म्हणून बाहेरचा पंप मला मान्य आहे. वाद फक्त त्याची लाइन कुठं न्यायची याचा.

तुमचा बेत आहे ती लाइन टी टाकून लिफ्टच्या सिलिंडरला द्यायची. इथं फर्ग्युसनची एक खोड समजून घ्या. बाकीच्या बहुतेक ट्रॅक्टरांत पंप सतत तेल फेकतो आणि व्हॉल्व्ह ते इकडं-तिकडं वळवतो. फर्ग्युसनमध्ये कंट्रोल व्हॉल्व्ह पंपाच्या ओढीच्या तोंडावर आहे. लिफ्टला तेल नको असेल तेव्हा पंपाला तेलच मिळत नाही, तो कोरडा फिरतो. हात वर टेकले की आतली जोडणी व्हॉल्व्हला मागं ओढते आणि तेल बंद होतं. ही सगळी अक्कल आतल्या पंपासाठी आहे. तुमच्या बाहेरच्या पंपाला ती कुणी सांगायची?

लिव्हर खाली असताना बाहेरून तेल दिलंत तर व्हॉल्व्ह ते तेल सरळ हाउसिंगमध्ये सांडतो. पंप बोंबलतो, नांगर जागचा हलत नाही. लिव्हर मधे असेल तर हात थोडे वर येतात, लिव्हरनं ठरवलेली उंची ओलांडतात, आणि ती उंची राखणारं पोझिशन कंट्रोल त्यांना लगेच खाली सोडायला बघतं. एक पंप उचलतोय, एक व्हॉल्व्ह सोडतोय. आणि लिव्हर पूर्ण वर असेल तर हात टेकल्यावरही बाहेरचा पंप थांबत नाही.

हे शेवटचं मी स्वतः भोगलंय. धंद्यात नवा होतो, एका गिऱ्हाइकाच्या जुन्या ट्रॅक्टरला हौसेनं असाच पंप जोडून दिला. कंट्रोल व्हॉल्व्ह भंगारातून आणलेला. त्याच्या रिलीफच्या, म्हणजे जादा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या, स्प्रिंगखाली आधीच्या कुणीतरी वायसर कोंबून दाब वाढवलेला होता, आणि मी गेज लावून बघितलं नाही. पहिल्या दिवशी सगळे खूश. तिसऱ्या दिवशी हात वर टेकले, ड्रायव्हरनं लिव्हर धरून ठेवला आणि टॉप कव्हरचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तडकलं. आवाज बंदुकीसारखा. कव्हर माझ्या पैशानं आणून दिलं, आणि तेव्हापासून दुकानात पहिलं हत्यार प्रेशर गेज असतं.

आणखी एक तोटा आहे. समजा सगळं जमवून, बाहेरच्या व्हॉल्व्हवर लिफ्टचे हात चालवलेत. मग ओढीनुसार खोली राखणं, म्हणजे ड्राफ्ट कंट्रोल, गेलं. आपल्या काळ्या रानात ते फार मोलाचं आहे. एकाच तासात वीस पावलं भुसभुशीत आणि पुढं एकदम दगडासारखी ढेकळं, असं असतं. तिथं नांगर चार बोटं वर घेण्याचं काम ती आतली लिफ्ट तुमच्या नकळत करते. ते काढून टाकून लाइव्ह मिळवणं हा घाट्याचा सौदा आहे.

तेव्हा माझा सल्ला असा: आतली लिफ्ट जशी आहे तशी राहू द्या. बाहेरचा पंप, त्याची वेगळी टाकी आणि वेगळा व्हॉल्व्ह, हे ट्रॉलीसाठी, पुढं पाटीसाठी. दोन्ही तेलं कधी भेटायला नकोत.

आता पंप. आकड्यांची भीती बाळगू नका, हिशेब सोपा आहे. एका फेऱ्यात ११ सीसी तेल देणारा गिअर पंप इंजिनाच्या १५०० फेऱ्यांना मिनिटाला साडेसोळा लिटर देतो. गळती वजा जाता १५ धरा. दाब चौरस सेंटीमीटरला १४० किलो ठेवला तर त्याला इंजिनाची ५ ते ६ एचपी लागते, तीही फक्त उचलताना. तुमच्या ३५ एचपीच्या गाडीला हे झेपतं. ट्रॉलीचा जॅक ७५ मिलीमीटर व्यासाचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ ४४ चौरस सेंटीमीटर. १४० किलोला तो ६ टनांच्या वर रेटतो. ६० सेंटीमीटर उघडायला त्याला पावणेतीन लिटरच्या आत तेल लागतं, म्हणजे दहा-अकरा सेकंद. याहून घाई कशाला हवी? लोक २५ सीसीचा पंप आणतात, ट्रॉली उडी मारून वर जाते आणि इंजिन मान टाकतं.

चालवायचा कशावर? सगळ्यात चांगली जागा क्रँकचं पुढचं टोक. लोडर लावलेल्या जुन्या ३५ गाड्यांना पंप असाच असायचा, क्रँकच्या पुलीला छोटा शाफ्ट जोडून रेडिएटरखालून पुढं. मध्ये रबरी स्पायडरचं कपलिंग घाला. इंजिन हलतं, पंप बीडच्या कंसावर घट्ट असतो. सरळ जोडलात तर शाफ्ट तुटेल. पुढं जागा नसेल तर बेल्ट. बी सेक्शनचे दोन बेल्ट पुरतात, पण पंपाच्या शाफ्टवर पुली थेट ठोकू नका. गिअर पंपाच्या आतले बुश बाजूचा ताण सोसायला बनवलेले नसतात. पुली वेगळ्या शाफ्टवर, तो शाफ्ट दोन पेडेस्टल बेअरिंगवर, आणि त्याला कपलिंगनं पंप. लेथवाल्याचं काम अर्ध्या दिवसाचं आहे. ते वाचवायला जाऊन पंप पावसाळ्याआधीच बसलेले मी मोजायचं सोडून दिलंय.

पंप विकत घेताना दुकानदार विचारेल, सुलटा की उलटा? इथं निम्मे लोक चुकतात. ट्रॅक्टरच्या पुढं उभं राहून बघितलं तर क्रँक घड्याळाच्या काट्यांसारखी फिरते. पंपाची दिशा मात्र त्याच्या शाफ्टकडून बघून ठरते. क्रँकच्या पुढं थेट जोडलेल्या पंपाचा शाफ्ट मागं, इंजिनाकडं तोंड करून असतो, म्हणून तिथं उलट्या दिशेचा पंप लागतो. बेल्टवर चालणारा आणि शाफ्ट पुढं असलेला पंप सुलट्या दिशेचा. चुकीचा फिरवलात तर तेल ओढीच्या बाजूनं दाबलं जातं आणि ऑइल सील पहिल्या मिनिटात बाहेर उडतो.

टाकी २५ लिटरची, पंपापेक्षा उंचावर, म्हणजे तेल आपल्या वजनानं पंपात उतरेल. ओढीचा पाइप १ इंची आणि शक्य तितका आखूड. इथं काटकसर केली की पंप गोट्या भरल्यासारखा खडखडतो. ती हवा आणि पोकळी आतली धातू खाते. दाबाच्या बाजूला ३/८ इंची, दोन जाळ्यांचा होज. परतीच्या लाइनवर फिल्टर, आणि परतीचं तोंड टाकीत तेलाच्या पातळीखाली, नाहीतर फेस. तेल ६८ नंबरचं हायड्रोलिक. आपल्याकडं मे महिन्यात सावलीतच ४२ डिग्री असते, ४६ नंबर तिथं पाण्यासारखं पातळ होतं. गिअरबॉक्सचं ९० नंबर मात्र अजिबात नको, सकाळच्या थंडीत ते पंपापर्यंत पोचतच नाही.

कंट्रोल व्हॉल्व्ह ओपन सेंटर मागून घ्या, आत रिलीफ असलेला. लिव्हर मधे असताना तेल बिनदाबाचं टाकीत परत गेलं पाहिजे, कारण हा पंप इंजिन चालू असेतो थांबणार नाही. पुढं हायड्रोलिक पलटी नांगराचा विचार असेल तर व्हॉल्व्हला दोन्ही बाजूंची तोंडं असू द्या. ट्रॉलीसाठी एक पुरतं, दुसरं टाकीकडं जोडून ठेवा. मात्र पलटी नांगर ३५ एचपीला काळ्या रानात किती झेपेल याचा आधी विचार करा.

दुहेरी क्लचचं राहिलं. नांगर आणि रोटाव्हेटर हेच तुमचं मुख्य काम असेल आणि ट्रॉली अधूनमधून, तर खरं उत्तर तेच. पण नुसती क्लच प्लेट बदलून भागत नाही. दुहेरी क्लचला एकात एक असे दोन शाफ्ट लागतात, पीटीओला ताकद देणारे गिअर वेगळे, क्लचची असेंब्ली वेगळी. ट्रॅक्टर कमरेतून उघडावा लागतो. सुटे भाग गोळा करत बसण्यापेक्षा त्याच वंशाच्या दुहेरी क्लचच्या भंगार गाडीचा अख्खा गिअरबॉक्स क्लचसकट मिळाला तर घ्यावा. खर्च पंपाच्या कामाच्या दुपटीच्या पुढं जाईल. पण तेवढ्यात रोटाव्हेटरचंही सुख होतं. ढेकूळ अडकलं, क्लच अर्धा दाबला, ट्रॅक्टर थांबला आणि पाती फिरत राहिली.

पंप बसवून झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना पंपात वरून तेल ओता, रिलीफचा स्क्रू पूर्ण ढिला करा आणि इंजिन मंद ठेवा. पाच मिनिटं तेल नुसतं फिरू द्या. मग जॅक पूर्ण उघडून टेकवा आणि गेज बघत स्क्रू पाव-पाव फेरा आवळत १४० वर आणा. चेकनटची ढिबरी घट्ट करा. गळती शोधायची तर पुठ्ठा धरा, बोट नको. सुईएवढ्या भोकातून या दाबानं निघालेलं तेल कातडीत शिरतं, वरून ठिपकाच दिसतो आणि बोट कापायची वेळ येते. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच तासाला दवाखाना गाठा. आणि वर केलेल्या ट्रॉलीखाली जायचं असेल तर आधी लोखंडी टेकू. जॅकवर विसंबून नाही, अगदी ग्रीस मारायलाही नाही.

पंप आणायला जायच्या आधी दोन मापं घेऊन मला कळवा. क्रँकच्या पुलीपासून पुढच्या बीडपर्यंत सरळ किती इंच जागा आहे आणि तिथं जुन्या हँडलचं भोक आहे का, हे एक. आणि तुमच्या ट्रॉलीच्या जॅकचा व्यास, नळ्या असतील तर सगळ्यात जाड नळीचा. त्यावरून ११ सीसी पुरतो की ८ वर भागतं, ते सांगतो.